साहेबाचं जेवण आणि शिरूरचा बाजार

रांजणगावच्या एमआयडीसीत इटलीच्या फियाटने आणि कोरियाच्या एलजीने कारखाने काढले, आणि पुणे-नगर रस्त्यावर परदेशी इंजिनिअर दिसायला लागले. आता या मंडळींनी बाहेर खायचं काय? मिसळ, राईस प्लेट, मटण थाळी. नाहीतर 'चायनीज'ची गाडी, जिथलं चायनीज खुद्द चिनी माणसाला ओळखू येणार नाही. ब्रेड मिळतो, पण गोडसर. बाकी सामानासाठी पुणे कॅम्प गाठायचा, म्हणजे पन्नासएक किलोमीटर.

आपण हसतो. "चार दिवस भाकरी खाल्ली तर काय बिघडलं?" पण ऑनसाइटला जाताना आपणही बॅगेत मेतकूट, भाजणी आणि कुकर कोंबतोच की! असो. गंमत म्हणजे शिरूर तालुक्याला ही अडचण नवी नाही. ती दोनशे वर्षं जुनी आहे.

१८०२ चा वसईचा तह शाळेत पाठ केलेला असतो. त्या तहानुसार पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांची तैनाती फौज आली, आणि तिची छावणी पडली शिरूरला, म्हणजे घोडनदीला. कोरेगावच्या लढाईसाठी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती इथूनच. छावणीतले बहुतेक शिपाई देशी. त्यांना ज्वारी-बाजरी, डाळ, तूप बाजारात मिळे. प्रश्न होता मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांचा.

त्यांचं हॅम, चीज आणि मदिरा आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिने जहाजातून मुंबईला यायचं. पुढे बोरघाट. त्यातून गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला १८३० मध्ये. त्याआधी माल बैलांच्या पाठीवर नाहीतर हमालांच्या डोक्यावर. बरं, डबाबंद अन्न म्हणाल तर लंडनमधला पहिला कारखाना सुरू झाला १८१३ च्या सुमारास, आणि डबा उघडायचं खास हत्यार निघालं १८५० च्या दशकात. तोवर छिन्नी-हातोडा! म्हणजे शिरूरच्या पहिल्या साहेबांकडे डबेसुद्धा नव्हते.

इंग्रजी राज्यात अशा मालाच्या दुकानांना 'युरोप शॉप' म्हणत. तिकडून आलेलं ते 'युरोप', इथलं ते 'कंट्री', आणि कंट्री म्हणजे दुय्यम. आपल्याकडे हाच भेद 'विलायती' आणि 'गावठी' असा झाला. आज मात्र गावठी कोंबडी आणि गावठी अंडी ब्रॉयलरपेक्षा महाग आहेत. साहेबाला कळलं असतं तर चक्कर आली असती.

मग आगगाडी आली. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेले रूळ दौंडवरून पुढे दिक्सळपर्यंत गेले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि विलायत जवळ आली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन दौंड जंक्शन झालं. शिरूरला मात्र रेल्वे आजतागायत नाही. त्याच १८७८ साली मद्रासमध्ये कर्नल केनी-हर्बर्ट यांचं पाककलेवरचं पुस्तक निघालं. आपले देशबांधव ताजे मासे आणि भाज्या सोडून मेजवानीत डबे उघडतात, यावर कर्नलसाहेब चांगलेच वैतागले होते. म्हणजे माल मिळायला लागला, तरी दुखणं गेलं नाही. कारण ते पोटाचं नव्हतंच, ते घराच्या आठवणीचं होतं.

दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन घरांनी त्यावर वेगळा तोडगा काढला. त्यांच्या समाजात पेपर वॉटर म्हणजे तिखट सार, आणि बॉल करी म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा. नाव इंग्रजी, फोडणी इथली. त्यासाठी विलायतेहून काहीच यावं लागत नाही.

मला वाटतं, इथेच खरी मेख आहे. परक्या माणसापुरतं उघडलेलं दुकान त्या माणसाबरोबरच उठतं. छावणी गेली, युरोप शॉप गेलं. टिकलं ते, जे आपणही खायला लागलो. पाव, बटाटा, कोबी हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेत, पण वडापावला परदेशी म्हणून दाखवा बघू! चीजचंही तेच होतंय. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, मंचरला, मोठ्या डेअरीत ते तयार होतं, ते काही फक्त इटालियन इंजिनिअरसाठी नाही. आपल्या पोरांना पिझ्झा हवा असतो म्हणून.

जाता जाता एक गोष्ट. छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, गावकरी त्याला 'सत्पुरुष' मानत आणि सुगीच्या वेळी नवं धान्य त्याच्या थडग्यापाशी नैवेद्य म्हणून आणत. जिवंतपणी त्याच्या ताटात काय होतं, देव जाणे. पण मेल्यावर साहेबाच्या वाट्याला शिरूरच्याच शेतातलं धान्य आलं, आणि तेही मानाने.

रांजणगावच्या पाहुण्यांना मात्र एवढं थांबायला लावू नये. एखाद्या रविवारी घरी जेवायला बोलवावं. तिखट जरा बेतानं घालावं, म्हणजे झालं.