इंग्रजीतील अंश-पूर्ण शब्दसंबंध

एका शब्दाने दर्शविलेली वस्तू दुसऱ्या शब्दाने दर्शविलेल्या वस्तूचा भाग असेल, तर त्या शब्दांमधील अर्थसंबंधास अर्थविज्ञानात 'मेरोनिमी' म्हणतात. ही संज्ञा 'मेरोस' (भाग) व 'ओनोमा' (नाव) या ग्रीक शब्दांपासून बनली आहे. भागवाचक शब्दास 'मेरोनिम', तर पूर्णवाचक शब्दास 'होलोनिम' म्हणतात. उदाहरणार्थ, 'पेटल' (पाकळी) हा 'फ्लॉवर'चा मेरोनिम होय. 'रोझ' मात्र फुलाचा भाग नसून प्रकार आहे. तो संबंध 'हायपोनिमी'चा.

'भाग' या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच नसतो. चाकातील आरा, संघातील खेळाडू, पावाचा तुकडा आणि स्वेटरमधील लोकर हे चारही भाग वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. विन्स्टन, चॅफिन व हरमन यांनी १९८७ मध्ये अशा संबंधांचे सहा प्रकार मांडले. प्रिन्स्टन विद्यापीठातील 'वर्डनेट' हा इंग्रजीचा संगणकीय शब्दकोश मात्र घटक, सदस्य व द्रव्य हे तीनच प्रकार मानतो.

== संक्रामकता ==
चिमणी हा पक्षी आणि पक्षी हा प्राणी, म्हणून चिमणी हा प्राणी, हे अनुमान बिनचूक आहे. अंश-पूर्ण संबंधात अशी साखळी अनेकदा तुटते. नाक हा खेळाडूचा भाग व खेळाडू हा संघाचा भाग असला, तरी नाक संघाचा भाग ठरत नाही. पहिला संबंध अवयवाचा, तर दुसरा सदस्यत्वाचा आहे. संबंधाचा प्रकार न बदलताही अडचण येते. 'हँडल' (मूठ) दाराचा व दार घराचा भाग असूनही, 'घराला मूठ आहे' असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही, कारण मुठीचा उपयोग दारापुरताच असतो. शब्दकोशातील नोंदींवरून संगणकाने अनुमान काढायचे असल्यास हा भेद दुर्लक्षून चालत नाही.

== मराठीशी तुलना ==
शरीराची विभागणी प्रत्येक भाषा आपल्या परीने करते. 'आर्म' व 'हँड' या दोहोंसाठी मराठीत सामान्यतः 'हात' हाच शब्द येतो, त्यामुळे जखम नेमकी कोठे झाली हे सांगण्यासाठी अनुवादकाला 'दंड', 'मनगट' किंवा 'पंजा' यांचा आधार घ्यावा लागतो. 'फिंगर' हाताचे आणि 'टो' पायाचे. मराठीत दोन्ही बोटेच. 'थंब' (अंगठा) हा 'फिंगर' मानायचा की नाही, याबाबत खुद्द इंग्रजीचा वापरही एकसारखा नाही. म्हणून हाताला चार 'फिंगर' असेही म्हणतात आणि पाचही.

भागाचे नाव पूर्णासाठी वापरण्याची लकबही याच संबंधावर उभी आहे. इंग्रजीत जहाजावरील खलाशांना 'हँड्स' म्हणतात, तर 'पर हेड'मध्ये डोके माणसाच्या जागी येते, जसे ते मराठीतील 'दरडोई'त येते.