कर कोणाचा, कल्याण कोणाचे?

बुलढाणा जिल्हा परिषदेला कर लावण्याचे नवे अधिकार द्या म्हटले की ठरलेले उत्तर मिळते : घरपट्टीच वर्षानुवर्षे थकते, नवे अधिकार कशाला? मुंबईहून योजना येतात, तेवढे पुरे.

पण घरपट्टी ग्रामपंचायतीची. 1961 च्या जिल्हा परिषद अधिनियमाने जिल्हा परिषदेचा उपकर बांधला तो शेतसाऱ्याला, आणि साऱ्याची आकारणी दशकानुदशके गोठलेली. नाममात्र साऱ्यावर उपकर कितीही पट बसवा, पै न् पै वसूल करा, तिजोरी भरणार नाही. दोष वसुलीत नाही, पायातच आहे. आणि त्याची झळ सर्वांत दुबळ्याला लागते. परिषदेच्या सेस फंडातले, म्हणजे स्वनिधीतले, 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. तरतूद चांगलीच आहे. पण मूळ रक्कमच तोकडी असेल तर त्या टक्क्यांतून सिंदखेडराजाच्या एखाद्या विधवेच्या हाती काय पडणार?

‘जिल्हाच गरीब, कर आणायचा कुठून?’ हेही अर्धसत्य. शेतकऱ्याचा कापूस खामगावात जिनिंगवाला घेतो तेव्हा त्या खरेदीवर 5 टक्के जीएसटी बसतो. तो केंद्र आणि राज्य वाटून घेतात. ज्या जिल्ह्यात कापूस पिकला त्याच्या परिषदेचा त्यात थेट वाटा नाही.

उपाय राज्यघटनेतच आहे. व्यवसाय कर राज्याप्रमाणेच जिल्हा मंडळ, स्थानिक मंडळ यांच्यासाठीही लावता येतो, असे अनुच्छेद 276 सांगतो. महाराष्ट्राने 1975 मध्ये तो राज्यासाठी घेतला आणि रोजगार हमी योजनेला जोडला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेचे मोल मी कमी लेखत नाही. शहरातल्या पगारदाराचा पैसा दुष्काळी गावच्या मजुरापर्यंत तिनेच पोचवला. पण 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर अकुशल मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. तेव्हाच या करातला ठरावीक हिस्सा जिल्ह्यांना मिळायला हवा होता.

यावरचा एक आक्षेप मात्र खरा आहे : पुण्यात हा कर भरपूर जमेल, बुलढाण्यात थोडाच. म्हणून हिश्शासोबत समतोल अनुदान हवे, आणि ते लोकसंख्या व सिंचनाचा अनुशेष पाहून राज्य वित्त आयोगाने ठरवावे. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष सरकारी समित्यांनीच मोजून ठेवला आहे. ते अनुदान दान नव्हे, देणे आहे.

एक अट मात्र मी सोडणार नाही. कराचा दर निवडून आलेल्या सभागृहानेच ठरवावा. मार्च 2022 मध्ये बुलढाणा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अशा काळात दर वाढवण्याचा अधिकार कोणालाही असू नये.