पडद्यामागच्या मुली

कान टोचल्यावर कुणाकुणाच्या पाळीला सुपारीएवढी गाठ येते. ती दिसायला लागली की आमच्याकडे बेळगावात बायका आधी सोनाराला बोल लावतात. पण दोष सोनाराचाच असतो असं नाही. जखम भरताना कातडीत जे तंतू तयार होतात, ते काहींच्या अंगात थांबायचं नावच घेत नाहीत. जखमेची हद्द ओलांडून वण वाढत राहतो, खाजतो, ठणकतो. हाच केलॉइड. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या आलिबेर या डॉक्टरनं 1806 साली त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला कर्करोगाशी नातं सांगणारं नाव दिलं होतं. पुढे ते त्याचं त्यालाच खटकलं. हा कर्करोग नव्हे, म्हणून त्यानं ग्रीक भाषेतला खेकड्याच्या नांगीचा शब्द घेतला, कारण वणाला कडेनं नांग्यांसारखे फाटे फुटतात. आता कर्करोगाचं नावही खेकड्यावरूनच आलेलं. म्हणजे खेकड्यानं काही पाठ सोडली नाही.

डॉक्टरांच्या पुस्तकातला हा शब्द जपानात सगळ्यांच्या तोंडी झाला तो 6 ऑगस्ट 1945 नंतर. हिरोशिमात जे भाजून वाचले त्यांच्या जखमा भरत आल्या, आणि काही महिन्यांनी त्याच जागी लाल, जाड, चकचकीत वण वर येऊ लागले. कापून काढले तर बऱ्याच जणांचे पुन्हा आले, कारण कापणं म्हणजे नवी जखमच. मानेची कातडी आखडून हनुवटी छातीकडे ओढली गेली, बोटं एकमेकांना चिकटली, पापण्या मिटेनात. शाळकरी मुली त्या दिवशी आगीला अडवायला मोकळे पट्टे हवेत म्हणून घरं पाडण्याच्या कामाला रस्त्यावर आणल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यात भाजलेल्या पुष्कळ. त्या लग्नाच्या वयाच्या झाल्या, पण स्थळ कुठलं येणार? लोक बघतात म्हणून कितीतरी जणी दिवसा घराबाहेरच पडत नसत. अमेरिकेनं तिथं अॅटॉमिक बाँब कॅज्युअल्टी कमिशन नेमलं होतं. ते या लोकांना तपासायचं, मोजायचं, नोंदी ठेवायचं. औषधपाणी करणं मात्र त्याच्या कामात बसत नव्हतं. हे वाचलं तेव्हा वणापेक्षा याचाच मला जास्त संताप आला.

कियोशी तानिमोतो नावाचे पाद्री यातल्या काही मुलींना आपल्या चर्चमध्ये एकत्र जमवत. त्यांच्यामुळे नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाची आणि या मुलींची गाठ पडली, आणि मे 1955 मध्ये पंचवीसजणी न्यूयॉर्कला गेल्या. माउंट सायनाय रुग्णालयात डॉ. आर्थर बार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षात त्यांच्यावर 138 शस्त्रक्रिया केल्या. राहायला क्वेकर पंथाच्या लोकांची घरं होती.

पोचून दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच तानिमोतोंना दूरदर्शनच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात बसवण्यात आलं. समोर अचानक आणून उभा केला तो रॉबर्ट लुईस, बाँब टाकणाऱ्या विमानाचा सहवैमानिक. यातल्या दोन मुलीही तिथं होत्या, पण पडद्यामागे. प्रेक्षकांना नुसत्या त्यांच्या सावल्या दिसल्या. चेहरे दाखवून त्यांना अवघडायला नको, असं कारण दिलं गेलं. मला ते पटत नाही. आमच्याकडे दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला घरोघर जाऊन ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. आक्का असो, वैनी असो, वर्षभर न बोललेली शेजारीण असो, तिच्या दारात जाऊन, तिच्या तोंडाकडे बघून हात जोडायचे. पडद्याला हात जोडून काय होणार? अवघडायला होणार होतं ते बघणाऱ्यांना.

शस्त्रक्रियांनी काय झालं? बोटं सुटी झाली, मान वळू लागली, कुणाचं तोंड नीट मिटू लागलं. चेहरे पूर्ववत झाले नाहीत, आणि तसं वचनही डॉक्टरांनी दिलं नव्हतं. एक मुलगी 1956 मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावली. केलॉइडमध्ये थेट स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायची पद्धत रुळली ती पुढे 1960 नंतर. सिलिकॉनच्या पट्ट्या त्याहून नंतरच्या. आता कापल्यावर वण परत येऊ नये म्हणून लगेच किरणोपचारही देतात. हिरोशिमाबरोबर हे वाचताना क्षणभर थबकायला होतं. तरी हमखास उपाय अजून नाहीच.

त्या पंचवीसजणींतली शिगेको निइमोतो बाँब पडला तेव्हा तेरा वर्षांची होती. चेहरा भाजला होता, बोटं जुळून गेली होती. पुढे ती अमेरिकेतच राहिली, कझिन्स कुटुंबाची लेक म्हणून. रुग्णसेवेचं काम केलं आणि आपली हकीकत उघड्या चेहऱ्यानं जागोजागी सांगत राहिली. तिला मुलगा झाला. त्याचं नाव तिनं नॉर्मन ठेवलं.