जागा एक, बिंदू शून्य

आयआयटी असो की केंद्रीय विद्यापीठ, संशोधन अभियंता भरतीची जाहिरात साधारण एकाच साच्यातली असते. जागा एक, मुदत प्रकल्प संपेपर्यंत, पात्रता बी.टेक. किंवा एम.टेक., मुलाखत अमुक तारखेला. अनेक जाहिरातींत प्रवर्गाचा रकानाच नसतो. आमच्या वस्त्यांतली अभियंता झालेली मुलं विचारतात, यात आरक्षण का नाही?

खरं तर मागणी याच क्षेत्रासाठी झाली होती. जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर तीनच महिन्यांत बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन दिलं. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचं फारसं भागणार नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं, आणि ते ऐपतीबाहेरचं असल्यामुळे सरकारने खर्च उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1943 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 8.33 टक्के जागा मिळाल्या, 1946 मध्ये त्या साडेबारा टक्के झाल्या. 1944 पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. शिक्षण आणि नोकरी त्यांनी कधी वेगळी मागितलीच नाही.

पुढे पळवाटा निघाल्या. 1975 च्या केंद्रीय आदेशाने गट-अ मधल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची संशोधनाची पदं आरक्षणातून वगळायची मुभा दिली. पण प्रकल्पावरच्या तरुण अभियंत्याला अडवायला एवढीही तसदी घ्यावी लागत नाही. तिथे 'एकक' लहान करून काम भागतं.

हे एककाचं गणित प्राध्यापक भरतीत सगळ्यांनी पाहिलं. 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरलं आणि 13 बिंदूंची नामावली आली. त्यात अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा. सहा प्राध्यापकांच्या विभागात आपला माणूस येणारच कसा? देशभर आंदोलनं झाली, 5 मार्च 2019 ला भारत बंद झाला, आधी अध्यादेश आणि मग कायदा आला. संस्था हेच एकक ठरलं.

मात्र तो कायदा शिक्षकांच्या मंजूर पदांपुरता आहे. (काही नामांकित संशोधन संस्था त्यातूनही वगळल्या, हा वेगळाच मासला.) संशोधन अभियंता शिक्षक नाही आणि त्याचं पद मंजूरही नाही. त्याचं एकक म्हणजे एका प्राध्यापकाचा एक प्रकल्प. एकाकी पदाला आरक्षण लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितलं आहे. मग पन्नास प्रकल्पांच्या पन्नास जागा पन्नास जाहिरातींत काढल्या की बिंदुनामावली उघडायचीच गरज नाही!

'नेमणूक तात्पुरती आहे' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. 45 दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांना आरक्षण लागू आहे, हा केंद्राचा 1968 पासूनचा आदेश आहे आणि 2022 मध्ये तो पुन्हा बजावला गेला. प्रकल्प तर वर्षानुवर्षं चालतात. 'गुणवत्ता' म्हणाल, तर याच संस्थांतून पदवी घेतलेली आमची मुलं तिथल्याच प्रयोगशाळेच्या दारात अपात्र कशी ठरतात?

संस्थेतल्या सगळ्या प्रकल्पांची अभियंता पदं एकत्र मोजावीत आणि त्यांवर एकच बिंदुनामावली चालवावी, ही आमची मागणी आहे. तोवर प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात अर्ज टाकावा: गेल्या पाच वर्षांत प्रकल्पांवर नेमलेल्या अभियंत्यांची प्रवर्गनिहाय संख्या द्या.