बहुमजली लघुरेल्वे मांडणी

घरातल्या एकाच खोलीत, भिंतींच्या कडेने एकावर एक बसवलेल्या दोन किंवा अधिक फळ्यांवर उभारलेली आणि चढाच्या रुळांनी जोडलेली प्रतिरूप रेल्वे म्हणजे बहुमजली मांडणी. मराठी स्वयंपाकघरात डबे ठेवायला भिंतीला ठोकलेल्या फळ्यांच्या चौकटीलाही मांडणीच म्हणतात, आणि तो शब्द इथे चपखल बसतो. दोन्हीकडे फळ्या, दोन्हीकडे डबे, आणि दोन्हीकडे मूळ अडचण एकच : जमीन थोडी, भिंत मोकळी.

नवख्याला वाटते, वरचा मजला डोंगर दाखवण्यासाठी असतो. तसे नाही. तो अंतरासाठी असतो. खऱ्या रेल्वेत दोन स्थानकांच्या मध्ये मैलोन्‌मैल मोकळा रूळ असतो. घरातल्या रेल्वेत मात्र गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडण्याआधीच इंजिन पुढच्या स्थानकात शिरलेले असते आणि प्रवास असा काही घडतच नाही. ही उणीव दुसरा मजला भरून काढतो. त्याच्या बदल्यात चढ, उजेड, हाताची पोच आणि माणसाला उभे राहायची जागा यांत काय काय सोडावे लागेल, याचा आधी केलेला हिशेब म्हणजेच अशा मांडणीचा आराखडा.

हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत वाढला, कारण तिथल्या अनेक घरांखाली प्रशस्त तळघरे असतात. मिल्वॉकी शहरातून १९३४ साली ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू झाले आणि १९३५ साली तिथेच ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ स्थापन झाली. रुळांची रुंदी, चाकांची कड, डब्यांचे वजन यांची मापे या संस्थेने ठरवून दिली, म्हणून एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळावर धावू शकतो. फ्रँक एलिसन यांनी मांडणीकडे नाटकासारखे पाहायला शिकवले : मांडणी हा रंगमंच, गाड्या ही पात्रे, वेळापत्रक हे कथानक. या दृष्टीमुळे एक गोष्ट कायमची पक्की झाली. पात्रांना प्रवेशापूर्वी थांबायला विंग लागते, तशी गाड्यांनाही लागते. प्रेक्षकाला न दिसणारे असे यार्ड आज प्रत्येक गंभीर आराखड्यात असते, आणि बहुमजली मांडणीत ते बहुधा सर्वांत खालच्या फळीवर जाते.

आराखड्याचे शास्त्र बांधले ते जॉन आर्मस्ट्राँग यांनी. मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या या गृहस्थांचे ‘ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअलिस्टिक ऑपरेशन’ हे पुस्तक १९६३ साली आले. कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी दोन याद्या करा, असे ते सांगत : एक अटींची, दुसरी आवडींची. खोलीचे दार, खिडकी, खांब, विजेची पेटी या अटी. त्या बदलत नाहीत. गोल फिरवायचे टेबल, घाट, साखर कारखान्याचा फाटा या आवडी. त्यांत निवड करावी लागते. पुढे याच शिस्तीत टोनी केस्टर यांनी न्यू जर्सीतल्या आपल्या तळघरात ‘निकेल प्लेट रोड’ या रेल्वेचा इंडियानातील फ्रँकफर्ट ते इलिनॉयमधील चार्ल्सटन हा विभाग १९५४ सालच्या रूपात बहुमजली उभारला आणि या विषयावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्यांची निवड विचार करण्यासारखी आहे. हा मुलूख सपाट, शेतीचा. सपाट प्रदेशाला अरुंद फळी पुरते, दोन फळ्यांमधल्या मर्यादित उंचीत तो मावतो, आणि गावामागून गाव येत राहिल्याने लांबीचा खरा उपयोग होतो. उलट जॉन अ‍ॅलन यांची कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे इथली ‘गोरी अँड डिफीटेड’ ही जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत चढलेल्या डोंगरांची अजोड मांडणी. तिथे उंची हेच दृश्य होते; फळीवर फळी ठेवून ते साधलेच नसते. जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन वारले आणि काही दिवसांतच ती मांडणी आगीत गेली.

आता आकडे. सर्वाधिक प्रचलित ‘एचओ’ हे माप १:८७ आणि रूळ १६.५ मिलीमीटर रुंद. ‘एन’ हे १:१६० आणि रूळ ९ मिलीमीटर. भारतातला जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. दहा डबे आणि एक इंजिन धरले तर गाडी सुमारे पावणेतीन मीटरची झाली. दहा फूट बाय बारा फूट खोलीचा सगळा घेर सुमारे १३.४ मीटर भरतो. म्हणजे एका मजल्यावर पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या की भिंती संपल्या! इतक्या जागेत दोन स्थानके ठेवून मध्ये प्रवास दाखवायचा तर एक मजला पुरणे कठीण. एनमध्ये तीच गाडी दीड मीटरच्या आत बसते, आणि शहरी सदनिकेत त्या मापाकडे ओढा असणे स्वाभाविक आहे.

मजले जोडायचे कसे, हा आराखड्यातला सर्वांत अवघड प्रश्न. सर्वांत रूढ उत्तर म्हणजे मळसूत्री चढ, अर्थात हेलिक्स : चक्री जिन्यासारखे स्वतःच्याच डोक्यावर वेटोळे घेत जाणारे रूळ. त्याचे गणित सरळ आहे, पण निर्दय आहे. एचओमध्ये रुळाच्या माथ्यापासून वरच्या प्लायवूडपर्यंत किमान साडेसात सेंटिमीटर मोकळी उंची लागते. प्लायवूड आणि रुळाची जाडी मिळवली की दर वेढ्याला सुमारे नऊ ते साडेनऊ सेंटिमीटर चढावेच लागते. त्रिज्या ७५ सेंटिमीटर असेल तर एका वेढ्यात ४७१ सेंटिमीटर रूळ बसतो आणि चढ दोन टक्के येतो. त्रिज्या ६० वर आणली की चढ अडीच टक्के. त्यात वळणाचे घर्षण वेगळे. रूढ ठोकताळ्यानुसार ७५ सेंटिमीटर त्रिज्येवरचा दोन टक्के चढ इंजिनाला सरळ रुळावरच्या तीन टक्क्यांसारखा जाणवतो, आणि ६० त्रिज्येवरचा अडीच टक्के जवळपास चारसारखा. घट्ट वळणावर लांब गाडी चढवताना मधले हलके डबे आतल्या बाजूला ओढले जाऊन कलंडतात, ते याच ताणाने. म्हणून डब्यांत वजन घालतात. असोसिएशनच्या शिफारशीने एचओ डब्याला मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे आपल्या साडेचोवीस सेंटिमीटरच्या डब्याला सुमारे १६५ ग्रॅम.

खऱ्या रेल्वेतही अशी वेटोळी आहेत आणि त्यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. कॅलिफोर्नियातील तेहाचापीचा फेरा १८७६ चा. दोन टक्के चढाने तो गाडीला ७७ फूट वर नेतो आणि लांब मालगाडी स्वतःच्याच शेपटीवरून जाते. एचओमध्ये तो जसाच्या तसा करायचा तर सव्वाचार मीटर व्यासाची जागा लागेल. स्वित्झर्लंडच्या बर्निना मार्गावरील ब्रूसिओच्या दगडी कमानींचा फेरा मात्र ७० मीटर त्रिज्येचा, म्हणजे १:८७ मध्ये अवघा ८० सेंटिमीटर. तो एकही माप न कापता खोलीत मावतो. पण तिथला सात टक्के चढ चढतात त्या मीटरमापी, हलक्या, विजेवरच्या गाड्या. अवजड मालगाडीने तो चढावा अशी अपेक्षा करता येत नाही.

हेलिक्सची दुसरी किंमत वेळात मोजावी लागते. चाळीस सेंटिमीटर चढायला ७५ त्रिज्येचे सव्वाचार वेढे, म्हणजे वीस मीटर रूळ. मापानुसार ताशी चाळीस किलोमीटर वेगाने निघालेली गाडी अडीच मिनिटांहून अधिक काळ दिसेनाशी होते. चालवणारा तेवढा वेळ लाकडी पिंपाकडे पाहत उभा. काही जण वेढ्यांची एक बाजू उघडी ठेवून तिथे डोंगरकडा आणि बोगद्यांची तोंडे करतात. हा उपाय सर्वांत चांगला, कारण गाडी वरवर जाताना पुन्हा पुन्हा दिसते. तिसरी किंमत जागेची. साठ त्रिज्येचा हेलिक्स बाहेरून सुमारे १.३ मीटरचा चौरस खातो. आधी धरलेल्या दहा बाय बारा फुटी खोलीचा तो जवळजवळ सहावा हिस्सा झाला.

म्हणून लहान खोलीत हेलिक्स टाळून भिंतीच्या कडेनेच संथ चढ घेण्याचा पर्याय आधी तपासावा. चाळीस सेंटिमीटरला दोन टक्क्यांनी वीस मीटर लागतात, म्हणजे खोलीभोवती दीड फेरा. स्थानके मात्र सपाटच हवीत, नाहीतर सोडलेला डबा आपोआप घरंगळतो. त्यामुळे हा फेरा आणखी लांबतो. ‘मश्रूम’ नावाचा एक प्रकारही आहे. त्यात वरची फळी एका वाटेकडे तोंड करते आणि खालची पलीकडच्या वाटेकडे, आणि वरच्या वाटेची जमीनच उंच बांधलेली असते. दोन्ही मजले डोळ्यांसमोर येतात, पण त्याला छत उंच लागते. आठ-नऊ फुटी छताखाली तो बेत धरू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर अशा वेळी बोरघाट उभा राहतोच. खाली कर्जत, वर लोणावळा, मध्ये बोगदे. बहुमजली मांडणीसाठी याहून नैसर्गिक विषय सापडणे कठीण. १८६३ साली खुल्या झालेल्या या घाटात मार्ग १,८३१ फूट चढतो आणि कमाल चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. एचओमध्ये ती उंची ६.४ मीटर होईल आणि कर्जत ते लोणावळा हे अठ्ठावीस किलोमीटर ३२० मीटर होतील. अर्थात दोन्ही बाजूंनी कापाकापी अटळ आहे. कापताना काय राखायचे, ते मात्र खऱ्या कामकाजावरून ठरते. कर्जतला गाडीमागे बँकर इंजिने लागतात; तो थांबा, ती जोडणी आणि वर पोचल्यावरची सोडणी हाच या विभागाचा गाभा. म्हणून खालच्या फळीवर कर्जतला बँकरसाठी बाजूचा रूळ आणि पुरेसा लांब फलाट द्यावा, वरच्या फळीवर लोणावळा सपाट ठेवावे आणि मधला चढ बोगद्यांच्या नावाखाली हेलिक्समध्ये घालावा. खंडाळ्याजवळ पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होते, तिथे गाडी तोंड फिरवून पुढे चढे. जुना काळ निवडणाऱ्याला ती युक्ती आयती मिळते, कारण उलट-सुलट चढाला मोठे वळण लागतच नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. ती प्रेक्षकांसाठीची मांडणी आहे, घरगुती नव्हे. तरीही लहानशा रुळावर लांब गाडी वळताना कशी दिसते, हे प्रत्यक्ष बघायला तिथे जाऊन यावे.

फळ्यांची उंची कागदावर ठरवू नये. साधारण खालचा रूळ जमिनीपासून ९५ ते १०५ सेंटिमीटर आणि वरचा १३५ ते १४५ ठेवतात. मधले अंतर चाळीसच्या खाली गेले की खालचा मजला कपाटाच्या कप्प्यासारखा दिसू लागतो. पण घरातली माणसे किती उंच, खालच्या मजल्याचे काम बसून करणार की उभ्याने, लहान मुले बघायला येणार का, यावर आकडा हलतो. भिंतीवर चिकटपट्टी लावून, पुठ्ठ्याच्या दोन फळ्या टांगून आठवडाभर त्यांच्यासमोर वावरावे. वरची फळी खालच्यापेक्षा अरुंद हवी, तीस-चाळीस सेंटिमीटरची, नाहीतर खाली वाकताना कपाळ आपटते. साठ-सत्तर सेंटिमीटरपलीकडे रुळावरून उतरलेला डबा हाताला लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मोठी स्थानके बरोबर एकाखाली एक आणू नयेत. दोन चालक एकाच ठिकाणी अडकतात. वाट किमान पाऊण मीटर रुंद असावी.

वरची फळी खालच्यावर सावली पाडते, म्हणून तिच्या पोटाशी एलईडी पट्टी आणि समोर तिला झाकणारी अरुंद झालर हवीच. फळी जितकी पातळ तितके खालचे आकाश मोठे दिसते. त्यासाठी जाड लाकडी चौकटीऐवजी भिंतीत पक्के केलेले लोखंडी ब्रॅकेट वापरावेत. विटेच्या भिंतीत ते हवे तिथे बसतात, अमेरिकी घरांत लाकडी उभ्या पट्ट्या शोधाव्या लागतात. सगळे पाणसळीत आले की नाही हे दर मीटरला तपासावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत प्लायवूड फुगते आणि आकसते, तेव्हा मरीन प्लाय घेणे आणि कापलेल्या कडा रंगवून बंद करणे अगत्याचे.

वीज प्रत्येक मजल्याला स्वतंत्र विभागात द्यावी. खाली एखादे चाक रुळाबाहेर पडून शॉर्ट झाले तरी वरची वाहतूक चालू राहते. हेलिक्समधले रूळ डाग देऊन जोडावेत, आत एकही सांधा ठेवू नये आणि गाडी आत आहे हे सांगणारा दिवा बाहेर बसवावा. दोन्ही फळ्यांची सुतारकी, छिद्रे आणि तारा पुऱ्या झाल्याशिवाय खालच्या मजल्यावर झाड-माती लावायला घेऊ नये. वरून पडणारा भुसा हिरव्या शेतावर बसला की निघत नाही. आणि हेलिक्सच्या पोटात एक माणूस खालून शिरून उभा राहील इतकी पोकळी पहिल्याच रेखाटनात मोजून ठेवावी, कारण रूळ पुसायला, गळलेली कपलिंग उचलायला आणि उलटलेला डबा सरळ करायला आत जाण्याचा दुसरा मार्ग नसतो.