शिशाच्या बुचापासून मोब्रेपर्यंत

बॉयलर फुटला की बाहेरची माणसं वाफेच्या दाबाला दोष देतात. बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस आधी विचारतो, ‘पाणी कुठे होतं?’ आगीची नळी पाण्यात बुडालेली असेल तोवर जाळ कितीही भडकला तरी तिचा पत्रा पाण्यापेक्षा फारसा जास्त तापत नाही. पाणी उतरून नळीचा माथा उघडा पडला, की थोड्याच वेळात तो लाल होतो, मऊ पडतो, आतल्या दाबाखाली खचतो आणि फाटतो. दाब एकदम गेला की आतल्या तापलेल्या पाण्याचा भडका वाफेच्या रूपाने उडतो. भिंती कोसळवतो तो हाच.

त्यामुळे पाण्यावर पहारा ठेवण्याची खटपट वाफेच्या यंत्रांइतकीच जुनी आहे. थॉमस सेव्हरीच्या १६९८च्या पेटंटमधून निघालेल्या खाणपंपाच्या बॉयलरला एक बारीक नळी आणि तोटी असे. तोटी फिरवली आणि पाणी आलं तर ठीक. वाफ आली तर पाणी संपत आलं. पुढे वॅटच्या काळातल्या बॉयलरांत चक्क दगडाचा फ्लोट आला. रामनाम न लिहिताही हा दगड तरंगे, कारण दांडीच्या दुसऱ्या टोकाला वजन लावून त्याचा भार तोललेला असे. पातळी घटली की दगड खाली जाई, दांडी हले आणि वरच्या टाकीतलं पाणी आत येई. युक्ती झकास होती, पण वाफेचा दाब नावापुरताच होता म्हणून चालली. दाब ३ किलोवर नेला तर त्यावर मात करायला टाकी ३० मीटर उंच न्यावी लागली असती.

दाब वाढवला तो कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेविथिकने, आणि किंमतही त्यालाच मोजावी लागली. १८०३च्या सप्टेंबरात लंडनजवळ ग्रिनिच इथे एका गिरणीच्या पायातलं पाणी उपसणाऱ्या त्याच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. बॉयलर सांभाळणारा पोरगा ईल मासे पकडायला गेला होता. त्याच्या जागी उभ्या असलेल्या मजुराने इंजिन फार जोरात पळतंय म्हणून बंद केलं, पण दाबून ठेवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा केला नाही. चौघांचा जीव गेला. याच बॉयलरचं लोखंड काही दिवसांपूर्वी लाल होऊन त्याचे सांधेही जळलेले होते. बोल्टन आणि वॅट हे प्रतिस्पर्धी आता या अपघाताचा डंका पिटणार, हे ट्रेविथिकला कळून चुकलं. त्याने दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायचं ठरवलं, पैकी एक चालकाच्या हाताबाहेर. शिवाय बॉयलरला एक भोक पाडून त्यात शिसं भरायचं. पाणी त्याच्या खाली गेलं की शिसं ३२७ अंशांना वितळेल आणि सुटलेली वाफ बोंब ठोकेल.

हे शिशाचं बूच मला या घराण्याचा मूळपुरुष वाटतं. आधीची तोटी माणसाने फिरवायची होती आणि दगड निमूटपणे पाणी घेई. माणूस जागेवर नसेल असं धरून ओरडणारं हे पहिलंच साधन. मात्र त्याच्यात घराण्याचा रोगही उतरला. बुचावर पापुद्रा साठला की ते वेळेवर वितळत नाही. शिशाऐवजी कथील वापरलं तर ते २३२ अंशांनाच वितळतं, पण जुनं होऊन त्याचा ऑक्साइड झाला की तो १६०० अंशांनाही दाद देत नाही. १८३०च्या दशकात अमेरिकेत आगबोटी फुटू लागल्या तेव्हा फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने सरकारी पैशाने प्रयोग केले. त्यांत दिसलं की मिश्रधातूचं बूच दाबाखाली फसवतं: लवकर वितळणारा भाग आधी पिळून बाहेर जातो आणि मागे उरतो तो वितळता वितळत नाही.

मधली पिढी थोडक्यात आटपते. १८२९मध्ये जॉन रॅस्ट्रिकने आपल्या लोकोमोटिव्हला काचेची नळी लावली. तोच आजचा गेज ग्लास. फ्लोटला कुणी शिट्टी जोडली, कुणी सेफ्टी व्हॉल्व्ह. मुंबईच्या कापडगिरण्यांत धडधडलेल्या लँकेशायर बॉयलरांच्या जातीवर असे व्हॉल्व्ह आणि बुचं सर्रास असत. आपल्याकडे कायदा आला तो १८६३च्या कलकत्त्यातल्या स्फोटानंतर, १८६४मध्ये, तोही कलकत्ता शहर आणि उपनगरांपुरता. देशभराचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं.

खरी कलाटणी बॉयलरमुळे नाही, इंधनामुळे मिळाली. भट्टीतला पेटता कोळसा कुठल्याही फ्लोटला विझवता येत नाही, त्यामुळे तोवरची सगळी साधनं फार तर पाणी घेत, वाफ सोडत किंवा ओरडत. तेलाचा आणि गॅसचा बर्नर आला, वीज आली, आणि फ्लोटला स्विच जोडून आगच तोडता येऊ लागली. फ्लोटच्या दांडीवरचं चुंबक भिंतीपलीकडच्या चुंबकाला ढकलतं आणि स्विच पडतो. मध्ये ना ग्लँड, ना गळती. ‘मोब्रे’ हा अशा स्विचांचा मूळचा इंग्लंडचा ब्रँड, पण आपल्या बॉयलर हाउसमध्ये कुठल्याही कंपनीचा लेव्हल कंट्रोलर ‘मोब्रे’च.

मोब्रेचा फ्लोट बाजूच्या छोट्या डब्यात असतो. तिथे पाणी फारसं वाहत नाही, म्हणून बॉयलरमधला गाळ तिथे मुकाट्याने बसतो. गाळात फ्लोट अडकला की बॉयलर कोरडा पडला तरी स्विच ‘पाणी आहे’ असंच सांगत राहतो. म्हणून ब्लो करायचा. अटेंडंट दर पाळीला, निदान रोज, डब्याचा ड्रेन उघडतो. गाळ निघतो, फ्लोट पडतो आणि चालू बर्नर त्याच क्षणी बंद व्हायला हवा. नाही झाला तर बॉयलर तिथेच थांबवायचा. नळीतल्या पाण्यावर भरवसा टाकण्याआधी गेज ग्लासही असाच ब्लो करायचा. पोरगा मासे पकडायला जातो म्हणून हे साधन जन्मलं, आणि ते जिवंत ठेवायला पोरगा पुन्हा जागेवर लागतोच.

या ब्लोवरही पूर्ण विसंबून चालत नाही. ड्रेन उघडल्यावर पाणी धाडकन उतरतं आणि फ्लोटला खाली ओढतं. खऱ्या प्रसंगी पातळी हळूहळू घटते, आणि तेव्हा चिकटलेला फ्लोट वरच राहू शकतो. म्हणून अधूनमधून जाणकार माणूस समोर उभा राहून फीड पंप बंद करतो, बर्नर चालू ठेवतो आणि ग्लासमधलं पाणी उतरताना बघत बसतो. पहिल्या खुणेला अलार्म, दुसऱ्या खुणेला बर्नर लॉकआउट. पाणी ग्लासमधून दिसेनासं होण्याआधी हे घडलं नाही तर त्याने हाताने बर्नर बंद करायचा. वर्षाच्या तपासणीला डबा खोलून फ्लोट आणि जोडनळ्या साफ होतात. त्याच वेळी पॅनेलही उघडून पाहावं: रात्री बर्नर सारखा तुटतोय म्हणून कुणीतरी स्विचच्या दोन टोकांना जोडून ठेवलेली वायर तिथेच सापडते.