‘कोणी केलं?’ याच्या पुढचा प्रश्न

आजचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब.

त्या रात्री त्यांच्या मुख्य डेटाबेसची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडला होता. एक इंजिनिअर तो पुन्हा जोडायच्या खटपटीत होता. काही केल्या जमेना, म्हणून दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करायची, असं त्याने ठरवलं. कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, आपण मुख्य सर्व्हरवर आहोत! लगेच थांबवली, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचारच उरले होते.

मग बॅकअप? रोजचा बॅकअप घेणारं टूल डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं निघालं. बॅकअप होतच नव्हता. तसं कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. शेवटी कामी आला तो सहा तास आधी एका चाचणीसाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. तो घेणारा कोण? तोच इंजिनिअर! लोकांचा कोड शाबूत राहिला, पण सहा तासांतल्या नोंदी गेल्या. अंदाजे ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कमेंट आणि ७०० नवीन खात्यांना फटका बसला.

कंपनीने काम चालू असतानाच आपली टिपणं सगळ्यांना खुली केली, दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. नंतरच्या अहवालात इंजिनिअरचं नाव नव्हतं. ‘का?’ हा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा विचारला होता. बॅकअप तपासले का जात नव्हते? कारण ते काम कोणाचंच नव्हतं.

मला हे वाचताना माझं पहिलं वर्ष आठवलं. माझी एक स्क्रिप्ट चुकून चालू सिस्टीमवर गेली होती. कॉलवर पहिला प्रश्न आला, “कोणी केलं?” मी वीस मिनिटं म्यूटवर बसून होतो. तेवढा वेळ बाकीचे नेटवर्कमध्ये बिघाड शोधत होते. चूक माझी होतीच, पण त्या वीस मिनिटांचं नुकसान माझ्या भीतीने केलं.

दोष न देणं म्हणजे जबाबदारी सोडून देणं नव्हे. त्या इंजिनिअरला काढून टाकलं असतं, तरी बॅकअप बंदच राहिले असते. त्या कामापुढे कोणाचं तरी नाव लिहावंच लागतं, फक्त ते अपघाताच्या आधी लिहायचं असतं.

तुमच्या टीममध्ये बॅकअपमधून डेटा खरंच परत येतो का, हे शेवटचं कोणी आणि कधी करून पाहिलंय? उद्या विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.